आयुष्यभर घमेली उचलली, आता कसला व्यायाम?

आमची आई १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पिंपरीला आली. पुढची तीस वर्षे तिने बांधकामावर घमेली वाहिली. इथल्या किती शेडांना आणि कॉलन्यांना तिच्यासारख्या बायांचे हात लागले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. गेल्या वर्षी आमच्या लक्षात आले की, खुर्चीवरून उठताना ती दोन्ही हातांनी खुर्ची दाबते. बादली अर्धीच भरते. सार्वजनिक शौचालयात बसले की उठवत नाही, म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. व्यायामाचे नाव काढले की उत्तर ठरलेले : "आयुष्यभर घमेली उचलली, आता कसला व्यायाम?"

कंपनीतून रिटायर झालेले आपले काका-मामाही हेच म्हणतात. त्यांचे कष्ट खरे, पण उत्तर चूक. मी कॉमर्सचा माणूस, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. अंगातली ताकद ही बँकेतली मुदत ठेव नव्हे. वापर थांबला की शिल्लक कमी होऊ लागते, आणि तिशीत केलेला भरणा सत्तरीत कामाला येत नाही.

अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली म्हातारपणातल्या अशक्तपणाच्या पाच खुणा मांडल्या. कारण नसताना वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. तीन किंवा अधिक खुणा असतील तर माणूस अशक्त झाला असे समजतात. एक-दोन असतील तर तो उंबरठ्यावर आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरता येते, म्हणून लक्ष द्यायचे ते इथे. नाहीतर एक दिवस मोरीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि घरातल्या सुनेला किंवा लेकीला काम सोडून घरी बसावे लागते.

हा प्रश्न फक्त परदेशातला नाही. भीमा-कोरेगावजवळच्या वढू बुद्रुक येथे केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राने २००७ साली आसपासच्या गावांतील पन्नाशीवरच्या पाच हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. आपली तब्येत बरी नाही, कामे जमत नाहीत, असे सांगण्यात पुरुषांपेक्षा बाया पुढे होत्या. आपल्या घरात वेगळे काय आहे?

आता दुसरी बाजू. बोस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या घरातील नऊ वृद्धांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. १९९० साली निष्कर्ष छापून आले : मांडीची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली होती. १९९४ सालच्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात नुसता पौष्टिक आहार देऊन ताकद वाढली नाही, व्यायामाने वाढली. म्हणजे अंडे, मटकी, सुकट ताटात हवेच, पण मांडी राबल्याशिवाय ते अंगी लागत नाही.

बागेतला फेरफटका आणि हास्यक्लब चांगलेच आहेत. ते सोडू नयेत. पण त्यात स्नायूंवर ओझे पडत नाही, आणि ओझे हळूहळू वाढवल्याशिवाय ताकद येत नाही. जपानच्या कोची शहरात २००२ साली हे सोपे करून दाखवले. मनगटाला आणि घोट्याला पट्ट्या बांधायच्या, त्यात थोडे थोडे करून सव्वादोन किलोपर्यंत वजन वाढवायचे, आणि सगळ्यांनी मिळून सावकाश हातपाय हलवायचे. वस्तीतल्या सभागृहात रहिवाशांनीच गट चालवले आणि ही पद्धत जपानभर पसरली.

आपल्याकडे विहार आहे, महिला मंडळ आहे. वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचनाला म्हातारी माणसे रोज येतात. ताकद वाढायलाही साधारण तेवढाच काळ लागतो. वाचनानंतर दिवसाआड अर्धा तास, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, एवढे पुरे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ज्येष्ठांसाठी ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम किमान तीन दिवस सांगितला आहे.

आम्ही सुरुवात खुर्चीपासून केली. प्लॅस्टिकची खुर्ची सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीशी धरून उठायचे, बसायचे. पाच वेळा उठून बसायला पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पाय कमजोर झाले असे समजावे. गुडघे दुखत असतील तर खाली घडी घातलेली गोधडी ठेवून बैठक उंच करावी. मग भिंत धरून टाचा उचलणे, पाय बाजूला नेणे, एका पायापुढे दुसरा ठेवून उभे राहणे. हाताला अर्धा लिटर पाण्याची बाटली पुरते. जुन्या लुगड्याच्या काठात वाळूची पुरचुंडी शिवली की पायाची पट्टी तयार. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बारा सहज होऊ लागले की वजन वाढवावे. श्वास रोखू नये, आकडे मोठ्याने मोजावेत. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा नुकते ऑपरेशन झालेल्यांनी आधी महापालिकेच्या दवाखान्यात विचारून घ्यावे. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबावे.

माझ्या सांगण्याने आई कधी उठली नाही. शेजारच्या मावशी दारातून हाक मारतात, तेव्हा कुरकुरत का होईना, जाते. गटाचा खरा उपयोग हाच. आमच्या इथे एका वहीत हजेरी आणि वजन लिहितात. कोणी दोनदा आले नाही तर एकाने घरी जाऊन यायचे असे ठरले आहे, कारण आजारपणात ताकद फार झपाट्याने जाते. २००७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडले. ताप उतरून परत आलेल्याने आधीचे वजन बांधू नये. पुन्हा रिकाम्या पट्टीपासून सुरू करावे.