बेटाच्या अटी

हिंगोलीत आमच्या घरी मुंबई यायची ती मोठ्या काकांच्या बोलण्यातून. काका परळच्या गिरणीत होते. दिवाळीला गावी आले की ओसरीवर बसून मुंबईची वर्णनं चालायची, आणि त्यात एक शब्द हमखास असायचा: टीटी. ‘टीटीला उतरलो’, ‘टीटीवरून चालत आलो’, ‘टीटीला उभा राहा, मी येतो’. टीटी हे कुणा बड्या शेठचं नाव असावं, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. पुढे कळलं की टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि मुंबईची ट्राम संपली. मी काकांच्या तोंडून तो शब्द ऐकत होतो तेव्हा ट्राम जाऊन बराच काळ लोटला होता. आजही दादर पूर्वेला टॅक्सीवाले ‘टीटी’च म्हणतात. एक वाहन रस्त्यावरून नाहीसं झालं, त्याचं नाव मात्र लोकांनी सोडलं नाही.

या एका शब्दापायी गेली वीस-पंचवीस वर्षं मी मुंबईच्या ट्रामबद्दल मिळेल ते वाचत आलो. आणिक डेपोतल्या बेस्टच्या संग्रहालयात तासन् तास घालवले. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीत जमिनीखालून ट्रामचे रूळ आणि जुनी दगडी फरसबंदी निघाली, ती बातमी मी कापून ठेवली आहे. ट्रामच्या घंटेची आणि डबलडेकरच्या वरच्या मजल्याची ओढ सगळ्यांनाच असते. मला हळूहळू दुसऱ्याच गोष्टीची ओढ लागली. ती म्हणजे करारातल्या अटी. मुंबई बेटावरची वाहतूक सुधारली ती इंजिनिअरांच्या कसबामुळे, हे खरंच. पण ती लोकांची झाली ती कुणीतरी वेळेवर घातलेल्या अटींमुळे.

सात बेटांची कथा वाचकांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. त्यातली एकच जागा पाहू. माहीमची खाडी ओलांडायला होडीशिवाय सोय नव्हती आणि सरकार पैसा घालायला तयार नव्हतं. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ मध्ये बेट वांद्र्याशी जोडलं गेलं. पैसे देताना त्यांनी एक अट घातली. या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. त्या काळच्या दीड लाखांचा आकडा सगळे सांगतात. मला ती अट रकमेपेक्षा मोठी वाटते. पैसा एकदाच खर्च झाला, अट पिढ्यान् पिढ्या कामाला आली. गाढवावर मीठ लादून येणारा आणि बग्गीत बसून येणारा दोघे एकाच रस्त्यावरून फुकट गेले.

आता ट्राम. पहिला प्रस्ताव १८६५ चा, एका अमेरिकन कंपनीचा. परवानाही मिळाला होता. पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतल्या बँका आणि भागभांडवलाचे मनोरे पडले आणि ट्राम कागदावरच राहिली. हिंगोलीकर म्हणून मला या वळणावर थांबावंसं वाटतं. आमचं गाव त्या काळी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी आणि कापसाची मोठी पेठ. वऱ्हाडाच्या आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाचा भाव पडला की मुंबईत रूळ पडायचे थांबत. बेट बेट म्हणतात, पण त्याची मुळं आमच्या शेतात होती.

१८७२ च्या कायद्याने मुंबईला ६४ सभासदांची महापालिका मिळाली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली, १८७४ च्या मार्चमध्ये ट्रामचा कायदा झाला आणि ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम धावली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे दोन मार्ग होते. भाडं तीन आणे. सुरुवातीला तिकीटच नव्हतं, पैसे द्यायचे आणि बसायचं. भाडं लवकरच दोन आण्यांवर आलं. फुकट्या प्रवाशांची संख्या वाढली तेव्हा त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली. पागेत सुमारे नऊशे घोडे होते. नुकतीच जन्मलेली पालिका, परका भांडवलदार आणि सार्वजनिक रस्ता यांचा हा पहिला मोठा व्यवहार.

या व्यवहारात भांडवलदारांच्या बाजूने ‘स्टर्न्स आणि किट्रेज’ ही नावं जोडीने येतात. ट्रामच्या इतिहासात त्यांना एक ओळ मिळते आणि पुढचं वाक्य घोड्यांवर जातं. मीही बरीच वर्षं तसाच पुढे गेलो. मग १८८९ मध्ये मुंबईत छापलेली एक लहानशी इंग्रजी पुस्तिका हाती आली. विषय, हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणण्याकरता मुंबईत उभारलेल्या निधीचा इतिहास. लेखक जॉर्ज किट्रेज. तोच, ट्रामवाला! माझा विश्वास बसेना. नाव पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं.

गोष्ट अशी. १८८२ मध्ये डॉ. फ्रान्सिस हॉगन या बाईंनी लंडनच्या ‘कंटेम्पररी रिव्ह्यू’ मासिकात एक लेख लिहिला. हिंदुस्थानातल्या बायका पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत, उपचारांवाचून मरतात, त्यांच्यासाठी स्त्री डॉक्टरांची स्वतंत्र व्यवस्था हवी, असं त्यात मांडलेलं होतं. तो लेख मुंबईत बसलेल्या या अमेरिकन व्यापाऱ्याने वाचला आणि मनावर घेतला. त्याने गाठलं सोराबजी शापूरजी बंगाली यांना. गिरणी कामगारांचे तास कमी व्हावेत म्हणून झगडणारे हे पारशी सुधारक. दोघांनी १८८३ मध्ये निधी उभारला. मागण्या साध्या होत्या: विलायतेहून स्त्री डॉक्टर आणायच्या, फक्त स्त्रिया आणि मुलांसाठी इस्पितळ बांधायचं, आणि इथल्या मुलींना वैद्यकीचं शिक्षण द्यायचं. त्यात एक अट कळीची होती. इस्पितळाचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहील.

पेस्तनजी होरमसजी कामा यांनी पैसा दिला. २२ नोव्हेंबर १८८३ ला ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते कामा हॉस्पिटलची कोनशिला बसली. डिसेंबरात डॉ. एडिथ पेची मुंबईत उतरल्या. एडिंबरोत वैद्यकीच्या वर्गात बसू द्या म्हणून ज्या मोजक्या मुली भांडल्या, त्यांतल्या या एक. त्याच १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे मुलींना उघडले, आणि त्याच वर्षी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. आनंदीबाईंचं जाणं आपण सगळे जाणतो. उलट्या दिशेने आलेली पेची मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. रखमाबाईंचा खटला गाजत होता तो याच सुमाराचा. रखमाबाईंनी डॉक्टर व्हावं म्हणून पाठीशी उभं राहणाऱ्यांत पेची होत्या. रखमाबाई लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर काही काळ कामा हॉस्पिटलात राबल्या. लेडी डफरिन यांचा देशभर गाजलेला निधी १८८५ चा. मुंबईचा निधी त्याच्या दोन वर्षं आधीचा, आणि त्याच्या मुळाशी एक ट्रामवाला.

मला किट्रेजबद्दल आदर वाटतो आणि तो मी लपवत नाही. नफ्यासाठी आलेल्या माणसाने शहराला केवढं देऊन जावं, याचा हा दाखला आहे. पण हेही पक्कं लक्षात ठेवलं पाहिजे की प्रत्येक कंपनीला किट्रेज मिळत नाही. माणसाच्या भलेपणावर शहर चालत नाही, शहर चालतं ते लिहून ठेवलेल्या अटींवर. हे पालिकेतल्या जाणत्या मंडळींना कळत होतं, असं मला पुढचे कागद वाचून वाटतं.

विलायतेत १८७० चा ट्रामचा कायदा होता. खाजगी कंपनीने ट्राम चालवावी, पण एकवीस वर्षांनी ती विकत घ्यायचा हक्क गावच्या पालिकेचा, अशी त्याची रचना. वीज कंपन्यांसाठी १८८८ मध्ये हीच मुदत बेचाळीस वर्षं झाली. कंपनीला भांडवल वसूल करायला आणि नफा कमवायला पुरेसा काळ द्यायचा, पण रस्ता कायमचा द्यायचा नाही. या विचाराचं वारं मुंबईतही होतं. १८९९ मध्ये लंडनच्या ब्रश कंपनीने विजेच्या ट्रामसाठी अर्ज केला. जुनी ट्राम कंपनी कोण घेणार यावरून चढाओढ लागली. पालिकेने स्वतःचा खरेदीचा हक्क पुढे केला आणि प्रकरण कायदेशीर गुंत्यात अडकलं. कज्ज्यात वर्षं गेली. शेवटी १९०५ मध्ये पालिका, जुनी कंपनी आणि ब्रश कंपनी यांच्यात तिहेरी करार झाला. त्यातून बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे बेस्ट, जन्मली. घोडे गेले आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली.

त्या वेळी पालिका हरली, असंच कुणालाही वाटलं असतं. घ्यायला निघाली होती ट्राम आणि हाती आला नुसता कागद. पण त्या कागदात पुढे कधीतरी सगळा उद्योग विकत घेण्याचा पर्याय पालिकेने आपल्याकडे राखला होता.

मधली वर्षं झरझर पाहू. १९२० मध्ये दुमजली ट्राम, १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस, १९३७ मध्ये डबलडेकर बस. आणि मग ७ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला आठ दिवस उरले असताना महापालिकेने तो पर्याय वापरला. ९ कोटी ८० लाख ५० हजार रुपये मोजून ट्राम, बस आणि वीज असा सगळा पसारा चालू स्थितीत ताब्यात घेतला. त्या दिवशी २४२ बसगाड्या २३ मार्गांवर धावत होत्या. १९०५ चा करार, १९४७ ची खरेदी. मधलं अंतर बेचाळीस वर्षांचं. करार करणाऱ्यांपैकी किती जण तो दिवस पाहायला जिवंत होते? ज्यांनी ते कलम घातलं त्यांनी आपल्या नातवंडांसाठी घातलं होतं.

आमच्याकडेही असंच घडलं होतं, आणि तेही आधी. पूर्णा ते हिंगोली लोहमार्ग १९१२ मध्ये निजामाच्या गॅरंटीड रेल्वे कंपनीने आणला. १९३० मध्ये ती कंपनी हैदराबाद संस्थानाने विकत घेतली आणि १९३२ मध्ये त्याच रेल्वेखात्याने २७ गाड्या व १६६ माणसांवर सरकारी बस सुरू केली. तिकडे बेटावर पालिका, इकडे मराठवाड्यात संस्थान. लोकांची ने-आण ही शेवटी लोकांच्या मालकीची असावी, या निष्कर्षाला दोघंही आले.

बेस्ट पालिकेची झाल्यावर काय झालं? बस माहीम ओलांडून उपनगरांत गेली, कारण शहराची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरीपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली होती. नफा कुठे आहे यापेक्षा वस्ती कुठे आहे हे पाहून मार्ग आखता आले. वीज आणि वाहतूक एकाच करारात, म्हणून एकाच मालकीत आली. विजेच्या मिळकतीतून बसचा तोटा वर्षानुवर्षं भरून निघाला. काकांसारखे गिरणी कामगार पहाटेच्या पाळीला पोचले ते या हिशोबावर. कंडक्टरच्या हातातला तो लोखंडी पंच टिकटिक वाजवत गर्दीतून पुढे सरके, त्या आवाजामागे १९०५ चं एक कलम होतं.

आज वारं उलटं आहे. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या दरवर्षी घटत आल्या. बहुतेक बस भाडेकरारावर आहेत. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, पालिकेचा उपक्रम किलोमीटरमागे पैसे मोजतो. २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलेलं किमान भाडं मे २०२५ मध्ये दहा रुपये झालं. भाडेकरार म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. घोड्यांची ट्रामही खाजगीच होती. माझा प्रश्न एवढाच आहे की मुदत संपल्यावर शहराच्या हातात काय उरेल? १९४७ मध्ये गाड्या, रूळ, तारा आणि कसबी माणसं उरली होती. गाडी ठेकेदाराबरोबर जाणार असेल, तर जागा आणि थांबे एवढंच उरेल.

आता हिंगोलीहून मुंबईला थेट जनशताब्दी जाते. मागच्या खेपेला उतरलो तो कामा हॉस्पिटलापर्यंत चालत गेलो. बाहेर बाया बाळांना घेऊन बससाठी उभ्या होत्या. स्त्रियांचं इस्पितळ आणि शहराची बस, दोन्हींच्या मुळाशी एकच विस्मृतीत गेलेला माणूस आणि दोन्हींना टिकवणाऱ्या वेगवेगळ्या अटी. मी बराच वेळ तिथे थांबलो.

नगरपालिका हिंगोलीची असो की मुंबईची, पाणी, कचरा, दिवे, बस यांचे करार रोज होतात आणि सभागृहात चर्चा होते ती फक्त दराची. नगरसेवकांना आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपल्या सगळ्यांना माझं एवढंच मागणं आहे. कराराचं शेवटचं पान आधी वाचा. मुदत संपल्यावर ही वस्तू कुणाची होणार, हे तिथे लिहिलेलं नसेल तर सही करू नका.