ओहोटीला कॅमेरा घेऊन निघणारा माणूस

मुंबईचा समुद्र म्हटलं की आपल्या यवतमाळच्या पोट्ट्यांना काय आठवतं? जुहूची भेळ, मरीन ड्राइव्हवरचा सेल्फी आणि काळपट पाणी. त्या पाण्यात कचऱ्याशिवाय काही जिवंत असेल असं वाटतच नाही. पण ओहोटीला पाणी मागे सरलं की त्याच खडकांच्या खाचांत ऑक्टोपस लपलेला असतो, समुद्रफुलं उमललेली असतात, रंगीत समुद्री गोगलगायी सरपटत असतात. हाजीअली आणि वरळीच्या किनाऱ्यावर तर चक्क प्रवाळ आहेत!

हे सगळं कॅमेऱ्यात पकडून लोकांपुढे आणणाऱ्यांमधलं एक नाव म्हणजे प्रदीप पाताडे. त्यांचा समुद्राशी संबंध आला तो वॉटर स्पोर्ट्समुळे, प्रयोगशाळेतून नाही. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकट माशांनी दंश केला आणि एकच घबराट उडाली. आपल्या किनाऱ्यावर नेमकं राहतं तरी कोण, हा प्रश्न पाताडेंनी मनावर घेतला. ते ओहोटीच्या वेळा बघून खडकांवर जायला लागले, फोटो काढायला लागले.

२०१७ मध्ये त्यांनी अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांच्यासोबत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. लोकांना घेऊन किनाऱ्यावर फिरायचं, प्राणी दाखवायचे, फोटोंसह नोंदी ठेवायच्या. नियम साधे: प्राण्याला हात लावायचा नाही, उचललेला दगड होता तसा ठेवायचा, घरी काही न्यायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, नुसत्या फोटोंनी काय होतं? तर २०१८ मध्ये मुंबईत कोस्टल रोडचं काम सुरू झालं. त्यासाठी समुद्रात भराव टाकावा लागणार होता. पर्यावरणवादी आणि मच्छीमार कोर्टात गेले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम रोखलं, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. पण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वाघाइतकंच, म्हणजे पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्यामुळे भरावाच्या वाटेतले प्रवाळ २०२० मध्ये दुसऱ्या जागी हलवावे लागले. तिथे काहीच नाही असं समजून भराव टाकणं सोपं असतं. नोंद असली की निदान प्रश्न तरी विचारता येतो.

प्रश्न माणसांचाही आहे. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांच्या बोटी पुलाखालून नीट जाव्यात म्हणून त्यांनी लढा दिला. तेव्हा कुठे खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर झालं.

आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे समुद्र कुठे? तर ऐका. पूस, अडाण, अरुणावतीचं पाणी पैनगंगेत जातं, बेंबळाचं वर्धेत. पैनगंगाही पुढे वर्धेलाच मिळते. मग प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. म्हणजे पुरात आपल्या नाल्यातून वाहून गेलेली पन्नी तिथल्या मुळांत जाऊन अडकू शकते. आणि वणी-मुकुटबनकडचा चुनखडीचा दगड? तोही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशीच साचलाय. समुद्राशी आपलं नातं तसं जुनंच आहे.

हे करून बघा
- मुंबईला गेलात तर ओहोटीची वेळ बघून किनाऱ्यावर जा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं. जाणकार सोबत असू द्या.
- पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे दिसले तर हात लावू नका. त्या ब्लू बॉटलचा दंश फार आग करतो.
- सुरुवात घरापासूनही होते. गावच्या तलावावर, नदीवर मोबाइल घेऊन जा. मासे, खेकडे, शिंपले, पक्षी जे दिसेल त्याचा फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा. वर्षभर करा. उद्या त्या पाण्यात कुणी काही टाकायला आलं, तर तुमची वही कामी येईल.