‘आमच्या गोंदियात काही घडलंच नाही’

ऑगस्ट जवळ आला की जिल्ह्यातल्या शाळांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: “स्वातंत्र्यलढा पुण्या-मुंबईकडे झाला, आपल्या झाडीपट्टीत काय झालं?” मुलं असं म्हणाली तर समजू शकतं. इतिहास शिकवणारे म्हणतात, तेव्हा मात्र राग येतो.

या समजाचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जुन्या पुस्तकाच्या सूचीत ‘गोंदिया जिल्हा’ शोधणाऱ्याला काही सापडणारच नाही. तिथे ‘भंडारा’ बघायचं आणि प्रांत म्हणून ‘मध्य प्रांत’. त्यातही 1867 मध्ये बालाघाट जिल्हा वेगळा काढला गेला. त्यामुळे कामठा इकडे, त्याचं शेजारचं लांजी आज मध्य प्रदेशात, आणि एकाच मुलखाची हकिगत दोन राज्यांच्या कपाटांत विभागली गेली आहे.

आता कामठ्याचंच घ्या. गोंदिया तालुक्यातलं हे गाव. नोव्हेंबर 1817 मध्ये नागपूरकर भोसले सीताबर्डीची लढाई हरले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना कैद केलं, ते वाटेतून निसटले, आणि त्याच धामधुमीत कामठ्याचा जमीनदार चिमना पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. फौज पाठवून उठाव मोडला गेला आणि जमीनदारी त्या घराण्याकडून काढून घेतली. साल 1818, म्हणजे सत्तावनच्या उठावाआधी 39 वर्षं. शंका असेल त्यांनी भंडारा जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडावं, 1908 चं किंवा राज्य शासनाचं नंतरचं.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. चिमना पटेलला ‘पहिला राष्ट्रीय क्रांतिकारक’ ठरवून भाषणं पाठ करून घेणं हीसुद्धा चूकच. सत्ता बदलत असताना उठलेला तो एक जमीनदार होता. आजच्या अर्थाचं राष्ट्र त्याच्यासमोर नव्हतं. हे वर्गात स्पष्ट सांगितलं तरी मुलांचा रस कमी होत नाही. उलट इथूनच प्रश्न सुरू होतात: मग तो कोणासाठी लढला? गावच्या रयतेचं काय झालं?

जंगल सत्याग्रह तर इथल्या मुलांना राज्यातल्या बहुतेकांपेक्षा लवकर कळायला हवा. ‘निस्तार’ म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. जळणाचं लाकूड, चराई, मोहफुलं, तेंदूपत्ता हे घरातलेच विषय. इंग्रजांनी राखीव जंगलं आखली, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट गुन्हा ठरवली, आणि 1927 च्या वन कायद्याने ती पकड आणखी घट्ट केली. म्हणून 1930 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात लोकांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. 10 जुलैला बापूजी अण्यांनी पुसदजवळ सुरुवात केली. त्याच प्रांतातल्या सिवनी जिल्ह्यात तुरिया इथे 9 ऑक्टोबरला पोलिसांच्या गोळीबारात चार आदिवासी मारले गेले, त्यात तीन स्त्रिया होत्या. पाठ्यपुस्तकात दांडीला अख्खं पान आणि या सत्याग्रहाला चार ओळी मिळत असतील, तर उरलेलं पान शिक्षकाने भरायचं असतं.

बाकीचे समज थोडक्यात. ‘विदर्भाला समुद्र नाही, म्हणून मिठाचा सत्याग्रह झाला नाही’: अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढून तो झाला. ‘बेचाळीसची चळवळ शहरांपुरती होती’: चिमूर आणि आष्टी तेव्हा खेडीच होती, तिथला उठाव 16 ऑगस्ट 1942 चा, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरलाही त्याच महिन्यात गोळीबार झाला. ‘1947 मध्ये आपण महाराष्ट्रात होतो’: नव्हतो, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो. ‘15 ऑगस्टला सगळा देश मोकळा झाला’: मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला, गोवा 19 डिसेंबर 1961 ला.

आणि ‘साधनंच मिळत नाहीत’ ही तक्रार. राज्य शासनाने काढलेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या चरित्रकोशात विदर्भाचा स्वतंत्र खंड आहे. भंडाऱ्याची पानं काढा, गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव अशी गावं मुलांना शोधायला सांगा, आणि सापडलेली नावं त्याच गावच्या शाळेतल्या वर्गात वाचा.