विमान परिचालन पुस्तिकेचे एक्सएमएल रूपांतर

विमान परिचालन पुस्तिकेचे एक्सएमएल रूपांतर म्हणजे विमान कंपनीच्या परिचालन पुस्तिकेतील मजकूर पानांच्या मांडणीतून सोडवून एक्सएमएल या चिन्हांकन भाषेत, ठरावीक रचनेच्या लहान घटकांमध्ये साठवण्याची प्रक्रिया होय. नियमांची पूर्तता दाखवणे, प्रत्येक सुधारणा सर्व संबंधित ठिकाणी पोहोचवणे आणि वैमानिकाला त्याच्या विमानाला लागू असलेला मजकूर देणे, हे तिचे मुख्य हेतू आहेत.

पार्श्वभूमी

शिकागो कराराच्या सहाव्या परिशिष्टानुसार व्यावसायिक विमान कंपनीने परिचालन पुस्तिका ठेवणे व ती अद्ययावत राखणे बंधनकारक आहे. भारतात या पुस्तिकेची छाननी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. युरोपीय संघाच्या ९६५/२०१२ या नियमावलीत पुस्तिकेचे चार भाग सांगितले आहेत: ए भागात सर्वसाधारण धोरणे, बी भागात विमानप्रकाराविषयीची माहिती, सी भागात मार्ग व विमानतळ आणि डी भागात प्रशिक्षण.

पुस्तिकेतील विसंगती ही केवळ कार्यालयीन त्रुटी नसते. १० मार्च १९८९ रोजी कॅनडातील ड्रायडन येथे एअर ऑन्टारिओचे फोकर एफ-२८ विमान पंखांवर बर्फ साचलेले असताना उडाले आणि कोसळले. ६९ पैकी २४ जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्या चौकशी आयोगाने इतर अनेक दोषांबरोबर असेही नोंदवले, की या विमानप्रकारासाठी कंपनीची स्वतःची परिचालन पुस्तिका नव्हती आणि वैमानिक दोन अन्य कंपन्यांच्या पुस्तिका वापरत होते.

रचना

एक्सएमएल ही डब्ल्यू३सी या संस्थेने १९९८ मध्ये शिफारस केलेली भाषा आहे. तिच्यात मजकूर कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे, हे सांगितले जाते. छापील पानावरील ठळक अक्षरांतील ओळ येथे 'इशारा', 'मर्यादा' किंवा 'कृतीची पायरी' म्हणून नोंदवली जाते. उड्डाण परिचालनाच्या माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी एटीए स्पेक २३०० हे मानक आहे.

प्रत्येक घटकाला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. तो कोणत्या विमानांना लागू आहे, त्याची आवृत्ती कोणती आणि तो कोणत्या नियमाची पूर्तता करतो, याची नोंद त्याच्यासोबतच राहते. त्यामुळे नियम बदलला की बाधित होणारे घटक शोधता येतात. किमान इंधनाचा नियम ए आणि डी या दोन्ही भागांत लागत असेल, तर तो एकदाच लिहून दोन्हीकडे वापरता येतो. एका ठिकाणी सुधारला आणि दुसरीकडे जुनाच राहिला, असे होत नाही.

प्रक्रिया

प्रथम जुन्या पुस्तिकांची यादी करून पुनरुक्त आणि परस्परविरोधी मजकूर वेगळा काढला जातो. त्यानंतर मजकुराचे घटक पाडून ते रचनेच्या आराखड्याशी जुळवले जातात. साध्या परिच्छेदांचे रूपांतर संगणकीय आज्ञावलीने होते. तक्ते, आकृत्या आणि तळटीपा यांना मात्र मानवी तपासणी लागते. रचना आराखड्यानुसार असल्याची खात्री झाल्यावर विषयतज्ज्ञ मूळ प्रत आणि नवी प्रत ओळीने ताडून पाहतात. काही बदलांना नियामकाची पूर्वसंमती लागते, तर काहींची सूचना देणे पुरते. म्हणून बदलाचा प्रकारही नोंदवला जातो.

मर्यादा

नियामकांचा आग्रह पुस्तिकेचा आशय, तिचे नियंत्रण आणि ती कर्मचाऱ्यांना सहज उपलब्ध असणे यांवर असतो. एक्सएमएल हे ती पूर्तता साधण्याचे एक साधन आहे. आराखड्याची तपासणी मजकुराचा आकार पाहते, अर्थ नव्हे. १८० च्या जागी १०८ असा आकडा पडला, तरी तो अंकच असल्याने ती चूक सहज निसटू शकते. किमान उपकरण यादीतील एखाद्या नोंदीची तळटीप रूपांतरात गळली, तर सशर्त सवलत बिनशर्त वाटू शकते. अतिशय बारीक घटक पाडल्यास मागचापुढचा संदर्भही तुटतो. म्हणून रूपांतरानंतरही पुस्तिकेच्या अचूकतेची जबाबदारी विमान कंपनीवरच राहते.