ओतकामाची काळी वाळू मराठवाड्याच्या काळ्या मातीत

मे २०२५ मध्ये राज्याने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले, स्वामित्वधन ब्रासमागे ६०० वरून २०० रुपयांवर आणले, आणि नांदेड-लातूरमध्ये क्रशरची चर्चा सुरू झाली. गोदावरी आणि मांजरेच्या पात्रांची काय दशा झाली आहे, ते इथे कुणाला सांगायला नको. म्हणून नदीऐवजी दगड फोडायचा, हे ठीकच. पण वापरून फेकलेल्या वाळूचा विचार त्याआधी व्हायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

ही वाळू फौंड्रीची. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून ती ढिगाने बाहेर पडते. आपल्याला जवळ सोलापूर. तिथेही लोखंडाचे मोठे ओतकाम चालते. ‘ग्रीन सँड’ साच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते, ४ ते १० टक्के बेंटोनाइट ही चिकणमाती, शिवाय कोळशाची भुकटी आणि पाणी. हीच वाळू पुन्हा पुन्हा साच्यात जाते. तेराशे-चौदाशे अंशांचा रस अंगावर घेत कण फुटतात, बारीक होतात, मातीचा चिकटपणा जळतो. मग ती बाहेर. रंग काळा, तो कोळशामुळे.

पतियाळाच्या थापर संस्थेतले रफत सिद्दिकी यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या विषयात सतत समोर येते. काँक्रीटमधल्या वाळूच्या जागी १०, २० आणि ३० टक्के फौंड्रीची वाळू घालून त्यांनी ठोकळे वर्षभरापर्यंत तपासले. मजबुती घटली नाही, किंचित वाढली. हा ‘किंचित’ विसरून पुढे बरेच जण उत्साहाने बोलतात. कण फार बारीक असल्याने ही वाळू एकटीने काँक्रीटला चालत नाही, ती पाणीही जास्त मागते. वाळू-खडीच्या आयएस ३८३ या मानकात २०१६ च्या सुधारणेने लोखंड, पोलाद व तांब्याच्या मळीला जागा दिली. फौंड्रीच्या वाळूचे नाव तिथे नाही. म्हणून स्लॅबमध्ये ती घालण्याची घाई मला मान्य नाही.

तिची खरी जागा रस्त्याखाली आहे. लातूर-औशाकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर उखडतो. या मातीत वाळू मिसळली की फुगणे कमी होते, हे खरे. पण कोणती वाळू, हे कुणी विचारत नाही. काळ्या मातीला फुगवणारे खनिज मॉन्टमोरिलोनाइट, आणि साच्याला धरून ठेवणाऱ्या बेंटोनाइटमध्येही तेच. साच्यात न जळलेली चिकणमाती वाळूत उरली असेल, तर आपण रोगात रोगच मिसळू. काही साचे बेंटोनाइटऐवजी रेझिनने बांधतात; त्या वाळूत चिकणमाती जवळपास नसते, म्हणून ती इथे सरस. मात्र तिच्यात फिनॉल उरू शकते. विहिरी-बोअरवर जगणाऱ्या जिल्ह्यांत पाझराची चाचणी झाल्याशिवाय ती जमिनीत जाऊच नये. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये लोखंड, पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या सिलिका वाळूला रस्त्याच्या पायासाठी अनुकूल कौल दिला, पितळ-काशाच्या भट्ट्यांची वाळू मात्र त्यातून वगळली.

अडचण भाड्याची आहे. कोल्हापूरहून लातूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटर हायवा आणायचा, तर फुकटची वाळूही परवडत नाही. सोलापूर-लातूर अंतर त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचे, तिथून जमेल. नांदेडच्या एसजीजीएस संस्थेत आणि लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ठोकळे फोडतातच. त्यांच्याकडून काळ्या मातीवरच्या मिश्रणांची फुगवण मोजून घ्यावी, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने एका ग्रामीण रस्त्याचा छोटा तुकडा त्यासाठी द्यावा. दोन पावसाळे त्यावरून जाऊ द्यावेत, शेजारच्या विहिरींचे पाणी दर हंगामात तपासावे. प्रत्येक गाडीबरोबर फौंड्रीचा दाखला हवा: कोणता धातू, कोणता बांधक, पाझरात काय निघाले. दाखला नसेल, तर गाडी परत.