टाकळीभानचा चढाईपटू

पिंप्राळा आता जळगाव शहरात मिसळले आहे. पण पटांगणात फक्कीने आखलेले कबड्डीचे मैदान दिसले की जुन्या गावाची आठवण होते. अशा मैदानावर पोरगा रमला की घरात एक प्रश्न हटकून निघतो, "यानं पोट भरणार आहे का?"

पूर्वी उत्तर ठरलेले असे. खेळात नाव काढले तर पोलिसात नाहीतर रेल्वेत नोकरी! २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळणे हाच धंदा होऊ शकतो, हे खेड्यातल्या पोरांनी पाहिले.

अस्लम इनामदार हा त्यांपैकीच एक. श्रीरामपूर तालुक्यातले टाकळीभान हे त्याचे गाव. वडील लहानपणीच वारले. आईने कष्टावर घर चालवले. २०२१ च्या डिसेंबरात तो पुणेरी पलटणकडून लीगमध्ये उतरला. करोनामुळे ते सारे सामने बंगळूरच्या एकाच हॉटेलात, प्रेक्षकांवाचून झाले. जत्रेतल्या आरोळ्यांची सवय असलेल्या पोरांना ती शांतता कशी वाटली असेल, तुम्हीच विचार करा!

अस्लम चढाई करतो आणि पकडीलाही भिडतो. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, पलटण अंतिम सामन्याला पोचली, आणि नेमका तो दुखापतीने बाहेर बसला. जयपूरने ३३-२९ असे हरवले. योगायोग पाहा, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवले तेही ३३-२९ नेच. गुणांच्या वादावरून तो सामना बराच वेळ थांबला होता. सुवर्णपदक घेऊन आलेल्या त्या संघात अस्लम होता.

मग पुण्याने त्याला कर्णधार केले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाला २८-२५ ने हरवून पलटणने प्रथमच विजेतेपद मिळवले. संघाला तीन कोटी रुपये, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून अस्लमला वीस लाख!

आकडे ऐकून हुरळू नका. या धंद्यात बाजारातल्या बैलासारखी खेळाडूवर बोली लागते, आणि बैलाचे पाय पाहतात तसे इथे गुडघे पाहतात. माती पायाखाली थोडी सरकते. मॅटवर बूट घट्ट धरतो आणि अंग वळले तरी पाऊल वळत नाही. मुलगा लंगडताना दिसला तर तेल चोळून पुन्हा मैदानात धाडू नका, हाडांच्या डॉक्टरला दाखवा. शाळाही सुटू देऊ नका.

विजेतेपदानंतरच्याच हंगामात, २०२४ च्या अखेरीस, अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो अर्ध्यावरून बाहेर पडला. त्याच्याविना पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. २०२५ मध्ये तो पुन्हा कर्णधार म्हणून उभा राहिला. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना झाला. दबंग दिल्लीने तो ३१-२८ असा, तीन गुणांनी जिंकला.