जीवमाहितीविज्ञान

जनुके, प्रथिने व सजीवांतील इतर महारेणू यांविषयीची माहिती संगणकाच्या साहाय्याने साठविणे, तिची परस्परांशी तुलना करणे आणि तीवरून रेणूंची रचना, कार्य व क्रमविकास यांविषयी अनुमाने काढणे, या गोष्टींचा अभ्यास करणारी विज्ञानशाखा. जीवविज्ञान, गणित, सांख्यिकी व संगणकविज्ञान यांच्या सीमेवर ती विकसित झाली आहे. पॉलीन होगवेग व बेन हेस्पर या डच शास्त्रज्ञांनी १९७० साली हे नाव योजले, ते सजीवांतील माहितीविषयक प्रक्रियांचा अभ्यास अशा व्यापक अर्थाने. रेणूंच्या क्रमांचे विश्लेषण हा आजचा प्रमुख अर्थ त्यास पुढे प्राप्त झाला.

मूलभूत कल्पना : डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) हा साखळीसारखा लांब रेणू असून त्यात ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व थायमीन हे चार क्षारक विशिष्ट क्रमाने येतात. प्रथिने मुख्यत्वे २० प्रकारच्या ॲमिनो अम्लांच्या साखळ्या असतात. हे दोन्ही क्रम अक्षरांच्या ओळीसारखे लिहिता येतात आणि त्यामुळेच ते संगणकास हाताळता येतात. समान पूर्वजापासून उद्‌भवलेल्या दोन जातींत एखादे जनुक मुळात एकच असते. कालांतराने उत्परिवर्तनांमुळे त्यातील काही अक्षरे बदलतात, काही गळतात, तर काही नव्याने शिरतात. कार्यास बाधक ठरणारे बदल नैसर्गिक निवडीत सहसा टिकत नाहीत. म्हणून रेणूचे महत्त्वाचे भाग दीर्घकाळ जवळजवळ जसेच्या तसे राहतात. जुन्या पोथीच्या अनेक प्रतींतील पाठभेद ताडून प्रतींची वंशावळ लावता येते, तसाच हा प्रकार आहे. उदा., श्वसनक्रियेतील सायटोक्रोम-सी या प्रथिनातील १०४ ॲमिनो अम्लांचा क्रम मानव व चिंपँझी यांत तंतोतंत सारखा असून मानव व ऱ्हीसस माकड यांत केवळ एका ठिकाणी फरक आढळतो. अशा फरकांवरून वॉल्टर फिच व इमॅन्युएल मार्गोलिॲश यांनी १९६७ साली २० जातींचा वंशवृक्ष तयार केला.

इतिहास : फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनातील ५१ ॲमिनो अम्लांचा क्रम १९५५ पर्यंत निश्चित केला आणि प्रत्येक प्रथिनाला स्वतःचा ठराविक क्रम असतो, हे सिद्ध झाले. मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा क्रमांचे महत्त्व ओळखून १९६५ साली ६५ प्रथिनांचा कोश प्रसिद्ध केला. संगणकातील जागा वाचावी म्हणून ॲमिनो अम्लांना प्रत्येकी एकच अक्षर देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. सँगर यांनी १९७७ साली डीएनएचा क्रम ठरविण्याची जलद पद्धत शोधल्यावर माहितीचा ओघ एकाएकी वाढला. तिच्या साठवणीसाठी १९८० साली हायडल्‌बर्ग येथे यूरोपीय संग्रह व १९८२ साली अमेरिकेत जेनबँक हा संग्रह सुरू झाला. जपानमधील संग्रहासह हे संग्रह आपापसांत माहितीची नियमित देवघेव करतात व ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध असते. मानवी जीनोमाच्या सु. ३०० कोटी क्षारकजोड्यांचा कच्चा आराखडा २००१ मध्ये व बव्हंशी पूर्ण क्रम २००३ मध्ये उपलब्ध झाला. त्यातील उरलेली सु. ८ टक्के पोकळी २०२२ साली भरून निघाली.

क्रमजुळणी : दोन क्रमांची तुलना करण्यासाठी ते एकाखाली एक असे मांडावे लागतात, की सारखी अक्षरे शक्य तेवढी समोरासमोर यावीत. समजा, चार क्षारकांसाठी ॲ, ग, स, थ ही अक्षरे घेतली आणि ‘गॲथसॲग’ व ‘गॲसॲग’ हे क्रम तुलनेस घेतले. सुरुवातीपासून सरळ मांडल्यास पहिली दोनच अक्षरे जुळतात. दुसऱ्या क्रमात तिसऱ्या स्थानी एक रिकामी जागा सोडल्यास मात्र पाच अक्षरे जुळतात. जुळणाऱ्या अक्षरास १, न जुळणाऱ्यास उणे १ व रिकाम्या जागेस उणे २ असे गुण दिले, तर पहिल्या मांडणीस (शेवटची रिकामी जागा धरून) उणे ३ व दुसरीस ३ गुण मिळतात. अर्थात दुसरी अधिक ग्राह्य ठरते.

क्रम लहान असल्यास हे काम हाताने जमते. परंतु प्रत्येकी १०० अक्षरांच्या दोन क्रमांच्या शक्य मांडण्यांची संख्या एकावर ७५ शून्ये दिल्याने होणाऱ्या संख्येहून अधिक असते. त्या सर्व तपासणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. सॉल नीडलमन व क्रिस्टियन वुन्श यांनी १९७० साली यातून मार्ग काढला. एक क्रम आडवा व दुसरा उभा लिहून चौकटींचे कोष्टक करावयाचे आणि प्रत्येक चौकटीत तेथपर्यंतच्या सर्वोत्तम मांडणीचे गुण लिहावयाचे. एका चौकटीचे गुण लगतच्या तीन चौकटींवरून मिळत असल्याने १०० अक्षरांच्या क्रमांसाठी सु. १०,००० चौकटी भरल्या की सर्वोत्तम उत्तर हाती येते. टेंपल स्मिथ व मायकेल वॉटरमन यांनी १९८१ साली या पद्धतीत फेरफार करून दोन लांब क्रमांतील केवळ सदृश भाग हुडकणे शक्य केले.

संग्रहातील शोध : नवा क्रम संग्रहातील सर्व ज्ञात क्रमांशी ताडून पाहणे, हा या शास्त्रातील नित्याचा उपयोग होय. त्याचे सामर्थ्य १९८३ साली प्रकर्षाने दिसून आले. माकडात अर्बुद निर्माण करणाऱ्या एका व्हायरसातील जनुकाचा क्रम आणि रक्तातील बिंबाणूंपासून मिळणाऱ्या, कोशिकांची वाढ घडविणाऱ्या प्रथिनाचा क्रम यांत विलक्षण साम्य आढळले. कर्करोगकारक जनुक म्हणजे वाढीचा नेहमीचाच संदेश अनिर्बंधपणे देणारे जनुक असू शकते, ही कल्पना या तुलनेमुळे दृढ झाली.

संग्रह वाढल्यावर संपूर्ण कोष्टक भरण्याची पद्धत फार वेळखाऊ ठरू लागली. म्हणून प्रथम लहान जुळणारे तुकडे शोधून तेवढ्यांचाच विस्तार करणारी ‘ब्लास्ट’ ही आज्ञावली १९९० साली तयार करण्यात आली. तीत प्रत्येक साम्याबरोबर एक अपेक्षामूल्य दिलेले असते. तेवढ्या आकाराच्या संग्रहात तितक्याच किंवा अधिक गुणांची किती साम्ये केवळ योगायोगाने आढळतील, हे त्यावरून समजते. हे मूल्य १० असल्यास साम्यास फारसा अर्थ नसतो. ते शून्याच्या जितके जवळ, तितकी समान पूर्वजाची शक्यता अधिक.

अनुमानाच्या मर्यादा : साम्यावरून नाते कळते, कार्य मात्र निश्चितपणे कळतेच असे नाही. बदकाच्या डोळ्यातील भिंगात विपुल असलेले एक प्रथिन म्हणजे लॅक्टेट डीहायड्रोजनेज हे एंझाइमच आहे, असे १९८७ साली आढळून आले. भिंगात ते पारदर्शक घटक म्हणून उपयोगी पडते. केवळ क्रम पाहणाऱ्यास हे कळले नसते. याउलट मायोग्लोबिन व हीमोग्लोबिन यांच्या क्रमांत साम्य थोडे असूनही त्यांच्या साखळ्यांची घडण फार सारखी आहे.

दुसरी मर्यादा संग्रहाच्या व्याप्तीची होय. शेकडो मानवी जनुके सूक्ष्मजंतूंकडून थेट आली असावीत, असे २००१ साली सुचविण्यात आले होते. कारण त्यांची सदृश जनुके तुलनेस घेतलेल्या इतर प्राण्यांत सापडली नव्हती. अधिक जातींचे क्रम तुलनेस घेताच त्याच वर्षी ही संख्या बरीच खाली आली. वैद्यकात अशा अपुरेपणाची झळ रुग्णाला बसते. हृदयस्नायूच्या आनुवंशिक विकाराचे कारण म्हणून नोंदलेली काही उत्परिवर्तने आफ्रिकी वंशाच्या निरोगी लोकांतही सामान्य असल्याचे २०१६ साली दिसून आले. मूळ तुलनेत त्या लोकांचा पुरेसा समावेश नसल्याने त्यांच्यापैकी काहींना रोगाचे चुकीचे निदान मिळाले होते. म्हणून संगणकाचा निष्कर्ष हे गृहीतक समजून ते प्रयोगाने पडताळणे आवश्यक ठरते.

त्रिमितीय रचना : प्रथिनाचे कार्य त्याच्या घडणीवर अवलंबून असते. गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रास येथे साखळीतील कोणते कोन शक्य आहेत, हे दाखविणारा आलेख मांडला. रचनांची विश्वासार्हता तपासण्यास तो आजही वापरतात. ज्ञात रचनांचा जागतिक संग्रह १९७१ साली सुरू झाला. त्यातील रचना व क्रमसंग्रहातील साम्ये यांवर शिकविलेल्या ‘अल्फाफोल्ड’ या प्रणालीने २०२० साली क्रमावरून रचनेचे भाकीत अनेक बाबतींत प्रयोगाच्या तोडीचे करून दाखविले. या कार्यासाठी डेमिस हासाबिस व जॉन जंपर यांना आणि नव्या प्रथिनांच्या आराखड्यासाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निश्चित घडण नसलेल्या भागांविषयी अशी भाकिते अद्याप दुबळी आहेत.

भारतातील कार्य : केंद्र सरकारच्या जैव तंत्रज्ञान विभागाने १९८७ च्या सुमारास देशभर जीवमाहिती केंद्रांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. पुणे विद्यापीठातील केंद्र त्यांपैकी आरंभीचे होय. सजीवांविषयीच्या माहितीचा राष्ट्रीय संग्रह फरीदाबाद येथे २०२२ साली स्थापन झाला. भारतातील विविध समाजगटांतील सु. १०,००० व्यक्तींच्या जीनोमांची माहिती २०२५ च्या जानेवारीत तेथून संशोधकांना खुली करण्यात आली. भारतीय रुग्णात आढळलेला एखादा बदल खरोखरच विरळ आहे, की येथील लोकांत तो सामान्यच आहे, हे ठरविण्यास अशा संग्रहाचा आधार मिळतो.